बदकाच्या पायावर त्याचं गाव लिहिलेलं नसतं

माझा भाचा अमेरिकेत आर्कान्सा राज्यात नोकरीला आहे. डिसेंबरात त्याने एक फोटो पाठवला. पिकअप गाडीच्या मागच्या फळीवर चार मेलेली रानबदकं ओळीने ठेवलेली. त्याच्या ऑफिसातला मित्र शिकारीला जातो, त्याचीच ही कमाई. तिकडे हंगामात परवाना काढून, ठरलेल्या संख्येत बदकं मारायला कायद्याने मुभा आहे. हिरव्या डोक्याचे मॅलार्ड जातीचे नर होते. त्यांतल्या दोघांचे पाय इतके तांबडे-नारिंगी, की कुणी कुंकवात बुडवून काढलेत असं वाटावं. उरलेल्या दोघांचे मात्र मातकट पिवळे. खाली प्रश्न होता: "मामा, हा म्हणतोय लाल पायवाले कॅनडातून ताजे उतरलेत आणि फिकट पायवाले इथलेच जुने. तू पक्षी बघतोस ना, खरं का हे?"

"पक्षी बघतोस ना" हे आमच्या घरात टोमण्यासारखं वापरतात, पण प्रश्न चांगला होता. दोन दिवसांनी रविवार होता. पहाटे नाशिकहून निघून नांदूर मधमेश्वरला, चापडगावच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावर जाऊन बसलो, तेव्हाही तोच डोक्यात होता.

नांदूर मधमेश्वर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला आणि उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती यांचं रान तयार झालं. लोक त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. 2020 साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत, गेलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. हिवाळ्यात उत्तरेकडून बदकांचे थवे उतरतात. मनोऱ्यावरून एका नजरेत तलवार बदक, थापट्या, भुवई बदक, चक्रवाक असे सगळे दिसतात.

फक्त पाय दिसत नाहीत. तरंगणाऱ्या बदकाचे पाय पाण्याखाली असतात, म्हणून आम्ही पक्षीवाले डोकं, चोच आणि पंखावरचा पट्टा बघून नाव सांगतो. शिकाऱ्याच्या हातात मात्र अख्खं बदक असतं आणि खाली दोन पाय लोंबकळत असतात. पायांवरून गोष्टी शिकाऱ्यांनीच रचाव्यात, हे त्यामुळे साहजिकच आहे. मला पाय बघायला नऊ वाजेपर्यंत थांबावं लागलं. ऊन चढल्यावर हळदी-कुंकू बदकांची जोडी चिखलाच्या पट्ट्यावर चढली आणि एकाने पाय ताणून पंख झटकला. काळपट चोचीच्या टोकाला हळदीचा पिवळा ठिपका, मुळाशी कुंकवाचा लाल, म्हणून हे नाव. पण पाय पाहाल तर कुंकू तिथेच सांडलंय असं वाटेल. पोवळ्यासारखे लाल.

हे बदक बारमाही इथलंच. पावसाळ्यात आणि त्यानंतर ते इथेच, काठच्या गवतात घरटं करतं, सायबेरियाचं तोंडही पाहत नाही. आणि त्याच्या शेजारी हजारो किलोमीटर उडून आलेल्या तलवार बदकाचे पाय करडे. भुवई बदकाचेही करडे. हिमालय ओलांडून येणाऱ्या चक्रवाकाचे तर काळे. म्हणजे आमच्या गोदावरीवर लाल पाय हे घरच्याचं लक्षण आणि काळे-करडे पाय हे पाहुण्याचं! अर्थात हा युक्तिवाद मी भाच्याला पाठवला नाही, कारण तो खोटा आहे. वेगवेगळ्या जातींचे पाय एकमेकांशी ताडून काही सिद्ध होत नाही. प्रश्न एकाच जातीतल्या दोन बदकांचा आहे: एकाचे लाल, दुसऱ्याचे फिके, हे का?

आधी रंग येतो कुठून ते पाहू.

पक्ष्यांच्या पायाला रंग देणारी मुख्य रंगद्रव्यं दोन. एक मेलॅनिन, आपल्या केसांत आणि कातडीत असतं तेच. ते काळा-तपकिरी रंग देतं आणि शरीर ते स्वतः बनवतं. कडकनाथ कोंबडीचे पाय, कातडी, मांस, सगळं काळं असतं ते याच्यामुळे. दुसरी कॅरोटिनॉइड. पिवळा, नारिंगी, लाल या छटा त्यांच्या. गाजर, मका, झेंडू यांचा रंग याच कुळातला. यातली गोम अशी की कॅरोटिनॉइड कुठल्याही पक्ष्याला स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही. ते खाण्यातूनच यावं लागतं: शेवाळ, पाणवनस्पती, बिया, बारीक कोळंबीसारखे जीव. काही पक्षी पिवळं द्रव्य खाऊन शरीरात त्याचं लाल करतात, पण मूळ माल बाहेरचाच. मॅलार्डच्या पायाचा नारिंगी रंग या दुसऱ्या खात्यातला.

गावठी अंड्याचा बलक गडद का असतो, याचंही उत्तर हेच. कोंबडी मोकळी फिरते, हिरवा पाला टिपते, तो रंग बलकात उतरतो. पोल्ट्रीवाले खाद्यात मका वाढवतात किंवा झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क घालतात, की पांढुरका बलकही केशरी होतो. नाशिक परिसरात पोल्ट्री शेड चिक्कार, त्यामुळे हे इथे कुणाला नवीन नाही. पण जुन्या कोंबडीवाल्यांना यापुढची एक गोष्टही ठाऊक असते, आणि ती मला सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटते.

पिवळ्या पायांची कोंबडी अंडी द्यायला लागली की तिच्या पायांचा पिवळेपणा हळूहळू उतरतो. कारण खाण्यातून आलेला रंग आता आधी बलकात जातो, कातडीला उरत नाही. रंग उतरण्याचा क्रमही ठरलेला: आधी मागची अंड्याची वाट, मग डोळ्याभोवतीची कडा, मग चोच आणि सगळ्यांत शेवटी पाय. पाय पूर्ण फिके पडायला चार-पाच महिन्यांचं सलग अंडं लागतं. अंडी थांबली की रंग त्याच क्रमाने परत चढतो. म्हणून हंगाम उलटून गेल्यावरही जिचे पाय पिवळेधमक, ती फुकट दाणे खाते असं ओळखून तिला बाजूला काढतात. इथे पाय बघून बांधलेला आडाखा शास्त्राच्या कसोटीवर शंभर टक्के उतरतो. तेव्हा "पायाच्या रंगावरून काही कळतं" ही कल्पनाच खुळी, असं म्हणायची सोय नाही. कळतं. फक्त काय कळतं, ते नीट पाहावं लागतं.

(जाता जाता: पाळीव कोंबडीला हा पिवळा पाय मिळाला तो मोठ्या प्रमाणावर आपल्या सह्याद्रीत ओरडत फिरणाऱ्या राखाडी रानकोंबड्याकडून. कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा, पण पिवळ्या कातडीचं जनुक या दुसऱ्या नातेवाइकाचं निघालं. 2008 साली हे सिद्ध झालं.)

आता पाय आणि पीस यांतला फरक. पीस वाढून पूर्ण झालं की ते मेलेलं असतं, आपल्या नखाच्या टोकासारखं. त्यात जो रंग भरला गेला तो पुढच्या पीसगळीपर्यंत तोच. फार तर उन्हाने विटेल. पायाची कातडी जिवंत असते, तिला रक्तपुरवठा असतो. बदकाने गेल्या काही आठवड्यांत काय खाल्लं, ते आजारी होतं का, अंगात संप्रेरकं कुठल्या पट्टीत वाजतायत, या सगळ्याचा परिणाम तिथे उमटतो. पीस म्हणजे छापील पंचांग, तर पाय म्हणजे ग्रामपंचायतीबाहेरचा खडूचा फळा. कालचं पुसून आजचं लिहिलेलं.

हा फळा किती झटपट बदलतो? याचं उत्तम उदाहरण बदकाचं नाही, निळ्या पायाच्या बूबी या समुद्रपक्ष्याचं आहे. मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर संशोधकांनी काही नरांना दोन दिवस खाणं मिळू दिलं नाही. 48 तासांत त्यांच्या पायांची झळाळी उतरली. पुन्हा मासे मिळाल्यावर रंग परत आला. आणि ज्या माद्यांच्या जोडीदाराचे पाय रंग लावून मुद्दाम फिके केले, त्यांनी पुढचं अंडं लहान घातलं. 2006 साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे पाय वाचणारा फक्त शिकारी नाही, बूबीची बायकोही वाचते, आणि तिचं वाचन बहुधा आपल्यापेक्षा बरं असतं.

तर आता मॅलार्डचं वर्ष डोळ्यांपुढे आणा. उन्हाळ्यात वीण संपली की नर आपला भपकेबाज वेश टाकतो आणि मादीसारखा मळकट होतो. उडण्याची पिसं एकदम गळतात, तीन-चार आठवडे तो उडूही शकत नाही, लव्हाळ्यात लपून राहतो. मग शरदात नवी पिसं येतात, डोकं पुन्हा हिरवं होतं. नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत तो नटून जोडीदार शोधायला लागतो. बदकांच्या जोड्या हिवाळ्यातच जमतात, विणीच्या गावी पोचण्याआधी. या काळात नर-संप्रेरकं वाढतात आणि त्यांच्याबरोबर पाय-चोचीचा रंग चढतो. त्या वर्षीच्या पिल्लांचे पाय सुरुवातीला मळकट पिवळे-तपकिरी असतात. हिवाळा सरता सरता त्यांचेही उजळतात.

शिकारीचा हंगाम याच काळात चालतो. सुरुवातीला जाळीत... नाही, बंदुकीच्या टप्प्यात जास्त येतात ती यंदाची अननुभवी पिल्लं आणि अजून न नटलेले नर. फिके पाय. पुढे थंडी वाढते, कॅनडातली तळी गोठतात आणि उत्तरेची बदकं खरोखरच खाली आर्कान्साच्या पाणी भरलेल्या भातखाचरांत आणि झाडीत येतात. पण तोवर कॅलेंडर पुढे सरकलेलं असतं आणि *सगळ्यांचेच* पाय तांबडे झालेले असतात, उत्तरेच्या आणि स्थानिकांच्याही. शिकारी बघतो: उत्तरेचा वारा सुटला, नवे थवे उतरले आणि लाल पाय दिसायला लागले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

शिकाऱ्याला यात मी मूर्ख ठरवत नाही. त्याने पाहिलं ते बरोबर पाहिलं. उशिरा मिळणाऱ्या बदकांचे पाय खरंच जास्त लाल असतात. चूक एवढीच, की त्याने काळाचा रंग जागेच्या नावावर टाकला. आणि ही चूक एकट्या शिकाऱ्यांची नाही, शास्त्रज्ञांनीही केली, तीही छापून. तो किस्सा मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडतो.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे काळं बदक म्हणून मॅलार्डचा एक सावळा भाऊ राहतो. तिथल्या बंदूकवाल्यांचं म्हणणं होतं की ही बदकं दोन प्रकारची. एक लवकर दिसणारं, लहानखुरं, तपकिरी पायांचं, इथलंच. दुसरं थंडीत उत्तरेकडून येणारं, थोराड, लाल पायांचं. विल्यम ब्रूस्टर हे त्या काळचे मोठे पक्षीतज्ज्ञ. त्यांनाही हे पटलं. 1902 साली त्यांनी लाल पायवाल्याला स्वतंत्र उपजात म्हणून नाव दिलं: रुब्रिपेस. लॅटिनमध्ये अर्थ सरळ, लाल पायाचं. पुढे लक्षात आलं की या बदकाचं जुनं शास्त्रीय नाव आधीच दुसऱ्या एका पक्ष्याला दिलेलं होतं, म्हणून ते बाद. मग 1909 साली तपकिरी पायवाल्यालाही नवं नाव मिळालं, ट्रिस्टिस, म्हणजे उदास. बिचाऱ्याचे पाय जरा मळके काय, लगेच उदास.

वाद बराच काळ चालला, आणि तो मिटायला उशीर का झाला याचंही कारण रंगातच आहे. संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्याची पिसं शंभर वर्षं टिकतात, पण पाय आणि चोच वाळली की रंग उडतो. म्हणून जुने संग्राहक पक्षी ताजा असतानाच चिठ्ठीवर पायांचा रंग लिहून ठेवत. कपाटातली शंभर बदकं काढून शेजारी मांडली, तरी पायांची तुलना करता येत नाही. शेवटी 1943 साली टेरेन्स शॉर्ट यांनी पाय आणि चोचीच्या रंगाचा वयाशी आणि ऋतूशी मेळ घालून दाखवला. शॉर्ट हे टोरोंटोच्या संग्रहालयात काम करणारे पक्षीचित्रकार. ताज्या रंगाकडे चित्रकाराइतकं बारकाईने कोण बघणार! लाल पायवाले आणि तपकिरी पायवाले या दोन जमाती नव्हत्याच. लहान-मोठे, नर-मादी आणि सप्टेंबर-जानेवारी यांतला तो फरक होता.

पण नामकरणाचे नियम कडक असतात. वैध नावांत सगळ्यांत जुनं उरलं होतं ते ब्रूस्टर यांचं. त्यामुळे आज त्या संपूर्ण जातीचं अधिकृत नाव अनास रुब्रिपेस आहे. तपकिरी पायांचं पिल्लू असलं तरी कागदोपत्री ते लालपायाच.

दुसरी एक समजूत मी आपल्याकडेही ऐकलीय. त्या रविवारी मनोऱ्यावर शेजारी उभ्या असलेल्या एका काकांनी हळदी-कुंकूचे पाय दुर्बिणीतून पाहून ठामपणे सांगितलं, "थंडीने लाल झालेत हो, आपले कान होतात तसे." निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायची वेळ येते, अशा दिवसांत ही कल्पना सुचणं अगदी स्वाभाविक. मीही तेव्हा कान चोळत होतो. पण बदकाचं गणित उलटं आहे. थंड पाण्यात ते पायाकडचा रक्तपुरवठा आखडतं. शिवाय पायात उतरणाऱ्या गरम रक्ताची नळी आणि वर जाणाऱ्या गार रक्ताच्या नळ्या एकमेकींना चिकटून असतात. खाली जाणारं रक्त आपली ऊब वाटेतच वर जाणाऱ्याला देऊन टाकतं. त्यामुळे बदकाचे पाय गारच राहतात आणि अंग गरम. आपले कान लाल होतात ते रक्ताने, बदकाचा पाय लाल असतो तो रंगद्रव्याने. हळदी-कुंकूचे पाय मे महिन्यात पाहिले तरी लालच असतात.

मग बदक कुठून आलं हे कळायचं कसं? एक मार्ग जुना आणि सरळ. बदक पकडून पायात क्रमांक कोरलेलं ॲल्युमिनियमचं कडं घालायचं आणि सोडून द्यायचं. ते पुढे कुठे सापडलं तर क्रमांकावरून हिशेब लागतो. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1959 पासून सालिम अलींच्या पुढाकाराने हे मोठ्या प्रमाणावर केलं. भरतपुरात कडं घातलेली बदकं पुढे थेट तेव्हाच्या सोव्हिएत रशियात सापडली. म्हणजे पायावर गाव लिहिलेलं असू शकतं, पण ते माणसाने लिहावं लागतं.

दुसरा मार्ग पिसातला. पावसाच्या पाण्यात साध्या हायड्रोजनबरोबर थोडासा जड हायड्रोजनही असतो, आणि उत्तर अमेरिकेत जसजसं उत्तरेकडे जावं तसतसं त्याचं प्रमाण घटतं. ते पाणी गवतात, गवतातून किड्यात, तिथून बदकात आणि वाढत्या पिसात जातं. पीस पूर्ण झालं की दार बंद. त्या तळ्याची खूण पिसात कुलूपबंद राहते. प्रयोगशाळेत पिसाचा तुकडा तपासला की ते साधारण कुठल्या पट्ट्यात वाढलं ते सांगता येतं, आणि त्याच वर्षीच्या पिल्लाच्या बाबतीत तर तो पट्टा म्हणजे जन्मगावच. शिकाऱ्याचा प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र त्याने फळ्यावर शोधलं, आणि ते होतं पंचांगात.

वय मात्र घरच्या घरी कळू शकतं. हिवाळ्याच्या सुरुवातीला मिळालेल्या बदकाचं शेपटीचं पीस बघायचं. पिल्लाच्या पहिल्या पिसाच्या टोकाला अंड्यातून आलेली लव चिकटलेली असते, ती तुटून पडली की टोकाला इंग्रजी व्हीसारखी खाच राहते. मोठ्या बदकाच्या पिसाचं टोक अखंड, निमुळतं. हे पायाच्या रंगापेक्षा कितीतरी भरवशाचं.

एवढं सगळं मी भाच्याला गाडीत बसून तीन व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं. शेवटी म्हटलं, त्या फिक्या पायवाल्यांच्या शेपटीचा जवळून एक फोटो मागव, खाच आहे का सांगतो. सायखेड्याला चहाला थांबलो तोवर उत्तर आलं.

"मामा, विचारलं. तो म्हणतो शेपटी कचऱ्यात गेली आणि बदक काल रात्रीच संपलं. पण फिक्या पायवालं जास्त मऊ लागलं म्हणे."

हे मात्र वयाशी जुळतं.